चार विटा

सायव्वाच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिलं:
गोळ्या सहा महिने. अंडी, डाळ.
हवेशीर खोलीत झोपणे.

शेवटची ओळ मी वाचली नाही.
म्हणजे वाचली,
तिला वाचून दाखवली नाही.
तुर्भे स्टोअरची ती खोली मला पाठ आहे:
दहा बाय आठ, एक दार,
दोन भिंती शेजाऱ्यांच्या,
तिसरी नाल्याकडे पाठ करून उभी.
पावसात तिच्यावर बोट टेकलं तर
बोटाचा ठसा राहतो.

तीन महिने ती म्हणत राहिली, मिरचीचा ठसका आहे.
वाशीच्या मसाला मार्केटात देठं खुडणाऱ्या
सगळ्याच बायका खोकतात.
कुणाचा खोकला मिरचीचा, कुणाचा आतला,
ते मिरचीलाही कळत नाही.
मुकादम म्हणाला, गूळ खा.
गूळ संपत गेला.
ब्लाउज दोनदा आत घेतले.

निंगू सहावीत. तिनेच आईला ती ओळ वाचून दाखवली.
सायव्वा संध्याकाळी मेडिकलवर गेली,
पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली
आणि म्हणाली, हवेशीर द्या.
दुकानदार हसला.
मग हसायचा थांबला,
आणि उगाचच काउंटर पुसत राहिला.

हे मला निंगूने सांगितलं.
मी त्या दिवशी गोळी देऊन लवकर निघाले.

रविवारी धूळप्पाने हातोडा काढला.
वीस वर्षं खाणीत दगड फोडलेला माणूस,
खाण बंद झाल्यावर नाक्यावर उभा राहणारा.
भिंतीला मात्र असा हात लावत होता
जणू झोपलेल्या कुणाला उठवायचंय.
चार विटा निघाल्या.
पलीकडे नाला, नाल्यापलीकडे पत्रे,
पत्र्यांवर वितभर आकाश.
निंगूने तोंड भोकाला लावून हाक मारली.
कुणाला मारली, विचारलं नाही.

सोमवारी मालक आला. आत डोकावला.
म्हणाला, आता ही खिडकीवाली खोली झाली.
भाडं तीनशेनं वाढलं.

आणि रात्री दोनला तो वास आला,
सडलेल्या लसणासारखा, मागून गोडसर,
एमआयडीसीच्या कुठल्यातरी चिमणीचा,
जी दिवसा साळसूद असते.
धूळप्पाने हाताला लागलं ते बारदान भोकात कोंबलं.
बारदान ब्याडगी मिरचीचं.
पहाटेपर्यंत तिघंही खोकली,
आणि मग तिघंही हसली, असं सायव्वा म्हणते.
मला त्यातलं हसू नीट समजलेलं नाही.

आता निंगूच्या गणिताच्या वहीत
मागच्या पानावर आखलेलं आहे:
रात्री अकरा ते दीड, उघडं.
दीड ते चार, बंद (बारदान नको, जुनी चादर).
चार ते सहा, उघडं, आईने भोकाकडे डोकं करायचं.
शनिवारी वास लवकर येतो.
नाल्याला भरती असेल तर डास, मग पप्पा जागणार.

माझ्या फॉर्ममध्ये रकाने आहेत:
वजन, बेडका, गोळी चुकली का, दारू, तंबाखू.
मी पेन उघडून
बराच वेळ ते पान पाहत बसले.
मग समासात लिहिलं, चार ते सहा.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, वेळ.
ते म्हणाले, कसली?
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

सहाव्या महिन्यात वजन साडेतीन किलो वाढलेलं.
डॉक्टर म्हणाले, औषधाने छान काम केलं.
केलंच होतं. गोळी एकही चुकली नव्हती.
सायव्वाने मान हलवली,
निंगूने हलवली नाही.

परवा त्या गल्लीत शिरले तर
शेजारच्या खोलीतून ठोकण्याचा आवाज येत होता.
मालकाला विचारलं का, असं मी विचारलं नाही.
इथं कोण आजारी आहे, हेही नाही,
ते मला विचारायला हवं होतं, कामच आहे माझं.
नुसती दारात उभी राहून
खाली पडलेल्या विटा मोजल्या.

सहा.